सेकंड-हँड मर्सिडीजचा विमा कमी पैशांत कसा बसवायचा?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही सांगलीत राहता. नऊ दिवसांपूर्वी पुण्यातून 2021 च्या पासिंगची मर्सिडीज सी-200 ही गाडी 34 लाखांना घेतलीत. आधीच्या मालकाच्या पॉलिसीचे पाच महिने शिल्लक आहेत, तिच्यावर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 27 लाख आहे. गाडी विकणाऱ्या डीलरने नव्या पॉलिसीचं 91,000 रुपयांचं कोटेशन हातात ठेवलंय. तुमची जुनी क्रेटा सहा वर्षं एकही क्लेम न घेता चालवून गेल्या महिन्यात विकलीत. आता पैसे वाचवायला आयडीव्ही 20 लाखांवर आणावी आणि ॲड-ऑन (मूळ पॉलिसीवरची जास्तीची कव्हर) काढून टाकावीत का, असं विचारताय.

मी कोल्हापुरात गेली सव्वीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. पॉलिसी विकणं माझं काम नाही, ठोकलेल्या आणि बुडालेल्या गाड्या बघून नुकसानीचा अंदाज काढणं हे माझं काम. म्हणून क्लेमच्या टोकाकडून सांगतो.

पहिली गोष्ट, डीलरच्या कोटेशनवर आज सही करू नका. तुम्हाला आत्ता नवी पॉलिसी लागतच नाही. चालू पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. त्यासाठी गाडी विकल्याच्या तारखेपासून चौदा दिवसांत विमा कंपनीला लेखी कळवावं लागतं. तुमचे नऊ गेले, पाच उरलेत. कंपनीच्या शाखेत नवा प्रपोजल फॉर्म, विक्रीचा पुरावा, आरटीओत गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 ची प्रत आणि जुनी पॉलिसी द्या. नाव बदलण्याची फी अगदी किरकोळ असते. अर्ज दिल्याची पोच शिक्का मारून घ्या, ईमेलही करून ठेवा.

याबद्दल मी एवढं कळकळीने सांगतोय कारण इचलकरंजीच्या एका गृहस्थांचं प्रकरण माझ्याकडेच सर्व्हेला आलं होतं. जुनी मोठी एसयूव्ही घेतली, आरसी स्वतःच्या नावावर झाली, पॉलिसी मात्र मूळ मालकाच्या नावावरच राहिली. दोन महिन्यांनी हायवेवर कंटेनरला मागून धडकली. माणसं वाचली, गाडीचं तोंड इंजिनपर्यंत आत गेलं. मी एस्टिमेट केलं, फोटो काढले, रिपोर्ट दिला, आणि क्लेम नामंजूर झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 मुळे थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचं, संरक्षण गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच हे स्पष्ट केलंय. ते गृहस्थ वर्कशॉपच्या दारात मला विचारत होते, "साहेब, हप्ता तर भरलेला आहे ना?" हप्ता भरलेला होता, दुसऱ्याच्या नावाने.

आता एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तुमची खरी बचत इथे आहे आणि डीलरच्या कोटेशनमध्ये ती शून्य दाखवलेली असणार, कारण त्याने तुम्हाला विचारलंच नसेल. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसला की तो 50 टक्क्यांवर पोचतो, तुमची सहा झालीत. क्रेटाच्या कंपनीकडे विक्रीचा पुरावा देऊन एनसीबी रिझर्व्हिंग लेटर मागा. ते तीन वर्षं चालतं आणि एका खाजगी कारवरून दुसऱ्या खाजगी कारवर नेता येतं, मग ती क्रेटा असो की मर्सिडीज.

त्याचा भाव किती ते बघा. गाडीची नोंदणी पुण्याची धरू. विम्याच्या जुन्या सक्तीच्या दरपत्रकात, म्हणजे टॅरिफमध्ये, पुणे अ झोनमध्ये येतं. इंजिन 1000 ते 1500 सीसीचं धरलं तर पाच वर्षांच्या आतल्या गाडीला जुन्या टॅरिफचा दर 3.283 टक्के. टॅरिफची सक्ती 2007 मध्ये गेली, तरी बऱ्याच कंपन्यांचा हिशेब तिथूनच सुरू होतो आणि वर सूट दिली जाते. 27 लाखांवर हे साधारण 88,600 होतात. कंपनीने निम्मी सूट दिली असं धरू, म्हणजे ओन डॅमेजचे (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचे) 44,300 उरले. त्यावर तुमचा 50 टक्के एनसीबी लागला की 22,150 कमी, आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटीही वाचला. सव्वीस हजारांच्या आसपास. आयडीव्हीला किंवा कव्हरला हातही न लावता.

पॉलिसी ट्रान्सफर करतानाही हे पत्र कामाला येतं. मूळ मालकाला मिळालेला एनसीबी तुम्हाला मिळत नाही. त्याच्या पॉलिसीवरची टक्केवारी आणि तुमचा स्वतःचा हक्क यातला फरक उरलेल्या काळासाठी कंपनी तुमच्याकडून वसूल करते. तुमचा हक्कच 50 टक्क्यांचा असेल तर वसूल करायला काही उरत नाही. पत्र यायला वेळ लागला तरी ट्रान्सफरचा अर्ज थांबवू नका. अर्जातच लिहा की एनसीबीचं पत्र मागवलं आहे. आणि एनसीबी कधीही खोटा सांगू नका. क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, तेव्हा क्लेम अडकतो.

आयडीव्ही 20 लाखांवर आणायचं मनातून काढून टाका. लोकांना वाटतं आयडीव्हीचा संबंध फक्त चोरीशी. तसं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. 27 लाखांच्या आयडीव्हीला ही रेघ सव्वावीस लाखांवर येते, 20 लाखांच्या आयडीव्हीला 15 लाखांवर. साध्या गाडीला 15 लाखांचं एस्टिमेट होणं अवघड, तुमच्या गाडीला नाही. समोरून जोराचा मार बसून एअरबॅग उघडल्या की एअरबॅग, सीटबेल्ट, डॅशबोर्ड, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट, पुढचे सेन्सर अशी यादी सुरू होते आणि एकेक हेडलाइटच लाखांत जातो. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी 34 लाखांची गाडी जाईल आणि हातात 20 लाख येतील. तेही एक्सेस, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, वजा करून.

पाच महिन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी गाडीला पाच वर्षं पूर्ण होतील. तिथवर आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने निघते, शेवटच्या वर्षी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीच्या निम्मी. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. तिथे घासाघीस करता येते, आणि तुम्ही ती वरच्या बाजूने करा. गाडी 34 लाखांना घेतल्याची पावती तुमच्याकडे आहे, ती दाखवा.

ॲड-ऑनचं सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तुमच्या गाडीसाठी दोन सोडायची नाहीत, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट.

झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर 50 टक्के घसारा तुमच्या खिशातून जातो. धातूच्या भागांवर पाचव्या वर्षात 35 टक्के. महागड्या गाडीच्या पुढच्या भागात बाहेरून दिसतं त्यातलं बरंचसं प्लास्टिकच असतं. समजा बंपर 80,000 चा आणि हेडलाइट 2 लाखांचा, तर फक्त या दोन वस्तूंत तुमचे 1 लाख 40 हजार गेले. काच तेवढी घसाऱ्याशिवाय मिळते. काही कंपन्या झिरो डेप पाच वर्षांपर्यंतच देतात, काही पुढेही देतात. चालू पॉलिसीत ते असेल तर त्याच कंपनीत खंड न पाडता नूतनीकरण केलं की ते पुढे मिळण्याची शक्यता वाढते. म्हणूनही पॉलिसी मध्येच सोडून देऊ नका.

इंजिन प्रोटेक्टबद्दल सांगलीच्या माणसाला मी काय सांगणार! 2019 ला आणि 2021 ला कृष्णेने तुमच्याकडे काय केलं ते तुम्ही बघितलंय. आमच्याकडे पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 2021 च्या पुरानंतर व्हीनस कॉर्नरजवळच्या एका इमारतीच्या बेसमेंटमध्ये मी एक जर्मन सेडान बघायला गेलो. बाहेरून गाडी धुऊन ठेवलेली, चकचकीत. पाणी उतरल्यावर मालकांच्या मुलाने स्टार्टचं बटण दाबलं होतं. इंजिन दोनदा घुरघुरलं आणि ठप्प झालं. मी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आतला कागद ओला, आणि डब्याच्या तळाशी बोटभर बारीक गाळ बसलेला. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन फिरला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलल्यावर दोन रॉड वाकलेले निघाले. सीट, कार्पेट, वायरिंग यांचे पैसे पॉलिसीने दिले, कारण ते पुराचं नुकसान. इंजिनचे दिले नाहीत, कारण ते पाण्यात चालू केल्यामुळे झालेलं. इंजिन प्रोटेक्ट त्यांनी नूतनीकरणाला काही हजार वाचवायला काढून टाकलं होतं. मुलगा बाजूला उभा होता, वडील त्याला एक शब्दही बोलले नाहीत. मला तो दिवस अजून आठवतो.

कव्हर असलं तरी लक्षात ठेवा, पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायची नाही. पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, कंपनीला कळवा, फ्लॅटबेडवरून वर्कशॉपला न्या.

बाकीच्या ॲड-ऑनवर कात्री चालवा. किल्ली हरवण्याचं कव्हर, सामानाचं कव्हर, दिवसभत्ता हे सोडून दिलंत तरी चालेल. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर खरेदीच्या बिलाची किंमत देणारं कव्हर) मुळात नव्या गाडीच्या पहिल्या मालकासाठी असतं, त्याच्यामागे लागू नका. कन्झ्युमेबल्स स्वस्तात मिळत असेल तर घ्या, ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांचं बिलही या गाड्यांत हलकं नसतं. रोडसाइड असिस्टन्स घेताना टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट ते वाचा, तुमचं अधिकृत वर्कशॉप सांगलीपासून किती लांब आहे ते मोजा आणि मग ठरवा. पर्सनल ॲक्सिडेंटचं 15 लाखांचं कव्हर तुमच्या दुसऱ्या गाडीवर किंवा वेगळ्या पॉलिसीत आधीच असेल तर पुन्हा घ्यायची सक्ती नाही. फॉर्मवर तसं लिहून द्या.

व्हॉलंटरी एक्सेस वाढवून पैसे वाचवा असं सगळे सांगतात. या गाडीला मला ते फारसं पटत नाही. जुन्या तक्त्यात 15,000 च्या एक्सेसला 35 टक्के सूट होती खरी, पण कमाल 2,500 रुपये. तोच तक्ता वापरणारी कंपनी असेल तर अडीच हजारांसाठी पंधरा हजारांचा बोजा घेऊ नका. एखादी कंपनी खरोखर मोठी सूट देत असेल तर विचार करा, आकडा लेखी घ्या.

त्यापेक्षा छोटे क्लेम करायचे थांबवा. बंपरला ओरखडा, दाराला पोचा, पंधरा-वीस हजारांचं काम खिशातून करा. तुमचा एनसीबी दरवर्षी बावीस हजारांचा आहे. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि मग 20, 25, 35, 45 करत पुन्हा 50 वर चढायला पाच वर्षं लागतात.

गाडी फक्त शनिवार-रविवारी काढणार असाल तर नूतनीकरणाला पे ॲज यू ड्राइव्हची चौकशी जरूर करा. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै 2022 मध्ये त्याला परवानगी दिली. वर्षाचे किलोमीटर आधी ठरवायचे, कमी किलोमीटरला कमी हप्ता. किलोमीटर संपले तर टॉप-अप घ्यायला विसरू नका.

थर्ड पार्टीचा हप्ता कुठेही सारखाच, तो सरकार ठरवतं, तिथे तुलना करण्यात वेळ घालवू नका. तुमच्या सी-200 चं इंजिन किती सीसीचं आहे ते आरसीवर बघा. 1 जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1500 सीसीच्या आतलं असेल तर वर्षाला 3,416 रुपये, वरचं असेल तर 7,897.  कोटेशनमध्ये थर्ड पार्टीपुढे चुकून मोठा आकडा पडलाय का बघा, गाडी महाग दिसली की सीसी न बघता वरचा स्लॅब टाकलेला मी पाहिलाय.

नूतनीकरणाच्या दीड महिना आधी तीन कोटेशन घ्या, एक सध्याच्या कंपनीचं, एक सरकारी कंपनीचं, एक दुसऱ्या खाजगी कंपनीचं. तिन्हींत आयडीव्ही आणि ॲड-ऑन अगदी सारखी ठेवायला सांगा, नाहीतर तुलना होत नाही. त्याआधी वर्कशॉपच्या ॲक्सिडेंट विभागात जाऊन विचारा की कुठल्या कंपन्यांचं कॅशलेस इथे सुरळीत चालतं. तिथे रोज क्लेम हाताळणारी माणसं असतात, ती खरं सांगतात. डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती कुणीही करू शकत नाही. पॉलिसी संपू मात्र देऊ नका. खंड पडला की गाडीची पुन्हा तपासणी, आणि 90 दिवस उलटले की एनसीबी गेला.

उद्या सकाळी आधी ट्रान्सफरचा अर्ज, मग क्रेटाच्या कंपनीत एनसीबीचं पत्र. चार महिन्यांनी तिन्ही कोटेशन हातात आली की आयडीव्ही, झिरो डेप, इंजिन आणि एनसीबीच्या ओळी इथेच टाका, मी वाचून सांगेन.