चेहरे प्लास्टिकचे का दिसतात?

प्रिय विद्यार्थी मित्रा,

नेरुळहून पाठवलेलं तुझं पत्र आणि चित्रं पाहिली. बारावीनंतर गेमसाठी पात्रं रंगवायची आहेत, पण तुझी माणसं सगळ्यांना 'प्लास्टिकची' वाटतात. म्हणून स्क्रीनवाला महागडा पेन टॅब्लेट घ्यावा का, असं तू विचारलंयस. बाबा का-कू करताहेत. माझं मत बाबांच्या बाजूने.

आजीचं चित्रच घे. रेखाटन छान जमलंय. पण नंतर सगळा चेहरा एअरब्रशने, म्हणजे मऊ कडांच्या डिजिटल ब्रशने, घोटून काढलास. नाकाची ओठावर पडणारी सावली कडेला बऱ्यापैकी ठळक असते, गालाची गोलाई मात्र हळूहळू अंधारात जाते. तू दोन्ही सारख्याच मऊ केल्यास. सावलीत सरसकट काळा मिसळल्याने चेहरा मळकटही झालाय. उजेड त्वचेत थोडा शिरतो, आत पसरतो आणि मग बाहेर येतो. पाठीमागून ऊन आलं की कान लालबुंद दिसतात ते त्यामुळेच. म्हणून उजेड संपून सावली सुरू होते तिथे जरा तांबूस छटा देऊन बघ. आता सगळ्यात वर करड्या रंगाचा लेअर, म्हणजे वेगळा थर, टाक आणि त्याचा मोड (खालच्या रंगांत मिसळायची पद्धत) 'कलर' कर. चित्र कृष्णधवल होईल आणि आजीचे डोळे बल्बसारखे चमकताना दिसतील. बुबुळाभोवतालचा भाग तू निव्वळ पांढरा ठेवलायस. तो पापणीच्या सावलीत असतो, करडाच हवा.

यातलं काहीही टॅब्लेट शिकवत नाही. आहे तो टॅब्लेट आणि क्रिटा हे चित्रं काढायचं फुकटातलं सॉफ्टवेअर पुरे. फोटोवरून रंग उचलणं मात्र बंद कर.

रोज स्टेशनवर लोकलची वाट बघणारी माणसं वहीत काढ. एका पायावर भार टाकला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा बहुधा खाली येतो. एवढं पकडलंस तरी उभी माणसं खुंटासारखी दिसणार नाहीत. बीएफए या कलेच्या पदवीच्या प्रवेशासाठीच्या एएसी सीईटी परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, त्यालाही हीच वही उपयोगी पडेल. पदवी चार वर्षांची. १८५७ साली सुरू झालेलं जे. जे. कला महाविद्यालय सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणजे तुला हार्बरची एकच गाडी. तिथे नाही लागला नंबर, तर दुसरं कॉलेज बघू. स्टुडिओवाले आधी कामच बघतात.

बाबांना सांग, टॅब्लेटचे पैसे तूर्त फीसाठी बाजूला ठेवा. आणि सीईटीच्या फॉर्मची तारीख सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघ, मित्रांच्या ग्रुपवर विसंबू नकोस.