जो बरो एका वर्षात इतका कसा सुधारला? श्रेय त्याचं की त्याच्या रिसिव्हरांचं?

तुमच्या प्रश्नात दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं, 2018 मध्ये साधारण वाटणारा, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा (एलएसयू) क्वार्टरबॅक (पास टाकून चाल चालवणारा खेळाडू) जो बरो 2019 मध्ये खरोखरच वेगळा खेळाडू झाला. दुसऱ्याचं म्हणणं, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसिव्हर (पास झेलणारे) सोबत असतील तर कोणीही साठ टचडाउन (चेंडू गोललाइनपलीकडे पोचवून गुण देणारे पास) टाकेल, मोठे सामने त्यांनीच काढून दिले. माझं मत आधीच सांगतो. सुधारणा खरी होती, आणि ती हातापेक्षा डोक्यात जास्त झाली. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या) आधी डिफेन्स (समोरचा बचाव) वाचणं आणि चेंडू वेळेवर सोडणं, या दोन गोष्टींत तो बदलला. रिसिव्हरांचे मोठे सामने हा त्या सुधारणेविरुद्धचा पुरावा नाही. बऱ्याच ठिकाणी तोच तिचा पुरावा आहे. मात्र काही ठिकाणी नाही, आणि ती ठिकाणं वेगळी काढता येतात.

आकडे आधी उरकून घेऊ. 2018: 13 सामने, 379 पैकी 219 पास पूर्ण, 2,894 यार्ड, 16 टचडाउन, 5 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). 2019: 15 सामने, 527 पैकी 402, 5,671 यार्ड, 60 टचडाउन, 6 इंटरसेप्शन. वाद घालताना बहुतेक जण 2,894 विरुद्ध 5,671 असं धरतात आणि तिथेच फसतात, कारण दुसऱ्या वर्षी दोन सामने आणि तब्बल 148 पास जास्त होते. दर पासामागे पाहा. 2018 मध्ये 7.6 यार्ड, 2019 मध्ये 10.8. एवढी उडी नुसत्या जास्त पासांमुळे येत नाही. उलट पास वाढले की सरासरी सहसा खाली येते.

कॉलेज फुटबॉलचं पासर रेटिंग (पास टाकणाऱ्याच्या कामगिरीचा एकत्रित आकडा) उलगडून पाहिलं तर आणखी कळतं. सूत्र सोपं आहे: यार्डांना 8.4 ने गुणा, टचडाउनांना 330 ने, पूर्ण पासांना 100 ने, त्यांची बेरीज करा, त्यातून इंटरसेप्शन गुणिले 200 वजा करा आणि सगळ्याला एकूण पासांनी भागा. बरोचं रेटिंग 133.2 वरून 202.0 वर गेलं, म्हणजे जवळपास 69 गुण वाढले. त्यांतले साधारण 26 यार्डांमुळे, 24 टचडाउनांमुळे, 18 ते 19 पूर्ण पासांच्या टक्केवारीमुळे आणि इंटरसेप्शनमुळे अर्धा गुणही नाही. हे शेवटचं विशेष आहे. चेंडू तो 2018 मध्येही सांभाळतच होता. बेफिकीर पोरगा शहाणा झाला, अशी ही गोष्ट नाही. सावध पोरगा धीट झाला आणि तरीही सावध राहिला, अशी आहे.

टचडाउनांच्या त्या 24 गुणांकडे मात्र जरा संशयाने बघावं. गोललाइनजवळ संघ पळतो की पास टाकतो, हा प्रशिक्षकाचा निर्णय असतो. एक यार्डावरून रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) घुसला तर क्वार्टरबॅकच्या खात्यात शून्य, तिथेच छोटा पास टाकला तर 330. त्यामुळे टचडाउन मोजून सुधारणा ठरवू नका, दर पासामागचे यार्ड बघा. आणि टक्केवारी बघताना पास किती लांबचे होते तेही बघा. फलंदाजाचा स्ट्राइक रेट सांगितला की पॉवरप्ले की शेवटची षटकं असं आपण विचारतोच, तसंच हे. नुसत्या स्क्रीन (अगदी जवळच्या, सोप्या) पासांवर 70 टक्के गाठणारे क्वार्टरबॅक असतात, पण त्यांची सरासरी सहा-सात यार्डांवर अडकते. 76.3 टक्के आणि 10.8 यार्ड हे दोन्ही एकत्र असणं हीच बरोच्या 2019 ची खरी ओळख.

आता कारणं. ओहायो स्टेटमध्ये बरोने मिळून 39 पास टाकले होते. 2018 च्या मे महिन्यात तो एलएसयूकडे आला, म्हणजे वसंतातला सराव हुकलेला, रिसिव्हर अनोळखी, प्लेबुक (संघाच्या खेळींचा संच) नवं. 2019 च्या आधी त्याला पूर्ण वर्ष मिळालं. सुधारणेची सुरुवातही नवा प्रशिक्षक येण्याआधीची आहे, आणि ‘सगळी त्या नव्या प्रशिक्षकाची, जो ब्रेडीची जादू’ म्हणणारे हेच विसरतात. 1 जानेवारी 2019 च्या फिएस्टा बोल या हंगामअखेरच्या सामन्यात यूसीएफविरुद्ध (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ) बरोचा पास अडवून तो टचडाउनसाठी परत नेला गेला, त्याच खेळीत त्याला जबर ब्लॉक बसला, आणि तरीही त्याने 394 यार्ड आणि 4 टचडाउन टाकून सामना 40-32 असा जिंकून दिला. ब्रेडी त्यानंतर आला.

तरी ब्रेडीचा वाटा मोठाच. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून आलेला 29 वर्षांचा हा माणूस पासिंग गेम कोऑर्डिनेटर झाला. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे प्रमुख) स्टीव्ह एन्समिंगरच राहिले, मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन. बदल काय झाला ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा वाद इथेच सुटतो. पूर्वी एलएसयू बरेचदा टाइट एंड (ब्लॉक करणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) किंवा रनिंग बॅकला संरक्षणासाठी मागे ठेवायचं. नव्या पद्धतीत अनेकदा फक्त पुढच्या रांगेतले पाच लाइनमन ब्लॉक करायचे (अंगाने अडवायचे) आणि उरलेले पाचही जण पास घ्यायला धावायचे. याचा फायदा उघड आहे: डिफेन्सला मैदानाचा पूर्ण आडवा पट्टा सांभाळावा लागतो, दोन-दोन जण एका रिसिव्हरवर लावणं अवघड होतं. धोकाही तितकाच उघड आहे: डिफेन्सने सहा जण धाडले तर एक जण कुणाच्याही अडथळ्याशिवाय क्वार्टरबॅकवर येणारच. त्या सहाव्या माणसाला ब्लॉक करायला कोणी नसतं. त्याचं एकच उत्तर असतं, चेंडू त्याच्या आधी हातातून जाणं. म्हणजे क्वार्टरबॅकला स्नॅपच्या आधीच ओळखावं लागतं की कोण येणार, तो आला की मागे कुठली जागा रिकामी होणार आणि तिथे आपला कोण आहे. हे जमत नसेल तर ही पद्धत एका महिन्यात क्वार्टरबॅकला दवाखान्यात पाठवते. बरोला ती जमली. म्हणून मी म्हणतो की पद्धत ब्रेडीने आणली, पण ती चालवण्याची पात्रता बरोची होती.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना 7 सप्टेंबर 2019, ऑस्टिन, टेक्सासविरुद्ध. एलएसयू 37-31 ने पुढे, जेमतेम अडीच मिनिटं उरलेली, थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि चेंडू राखायला 17 यार्ड हवेत. बहुतेक संघ इथे पळून घड्याळ खातात आणि पंट करतात (लाथेने चेंडू दूर देऊन टाकतात). एलएसयूने पास ठरवला. टेक्सासने ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त जण क्वार्टरबॅकवर धाडणं) सोडली. बरो पॉकेटमध्ये (लाइनमननी राखलेल्या जागेत) डावीकडे सरकला, धडक बसायच्या आत चेंडू सोडला, आणि जेफरसन तो घेऊन सुटला तो 61 यार्डांवर टचडाउनलाच थांबला. सामना 45-38. आता यात श्रेय कसं वाटायचं? ब्लिट्झ ओळखणं, सरकणं आणि वेळ साधणं बरोचं. चेंडू हातात आल्यानंतरची धाव जेफरसनची. त्याच सामन्यात जेफरसन, चेस आणि टेरेस मार्शल या तिघांनीही 100 यार्ड ओलांडले. एकच तारा चमकला असता तर म्हणता आलं असतं की त्याने ओढून नेलं. तिघांना सारखा माल मिळतो तेव्हा वाटणाऱ्याकडे बघावं लागतं.

28 डिसेंबरला पीच बोलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध जेफरसनने पहिल्या अर्ध्यातच चार टचडाउन घेतले, एकूण 14 झेल, 227 यार्ड. बरोचे त्या अर्ध्यात सात टचडाउन पास, अंतिम गुण 63-28. तिथे ओक्लाहोमाचं कव्हरेजच (रिसिव्हरांवरची राखण) विस्कटलेलं होतं, त्यामुळे हा सामना मी कोणाच्याच बाजूने फार मोठा पुरावा मानत नाही.

13 जानेवारी 2020 चा अंतिम सामना मानतो. समोर सलग 29 सामने जिंकलेलं क्लेम्सन, त्यांच्या डिफेन्सचा प्रशिक्षक ब्रेंट व्हेनेबल्स. सुरुवातीला एलएसयू चाचपडत होतं, दुसऱ्या क्वार्टरमध्ये 17-7 ने मागे. व्हेनेबल्सने चेसवर ए. जे. टेरेल हा कॉर्नरबॅक (रिसिव्हरला रोखणारा बचावपटू) बराच वेळ एकटा ठेवला. टेरेल काही ऐरागैरा नव्हता, त्याच वर्षी तो एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत गेला. चेसने त्या सामन्यात 9 झेलांत 221 यार्ड आणि 2 टचडाउन काढले. इथे मात्र मी उघडपणे रिसिव्हरच्या बाजूने उभा राहीन. साइडलाइनला चिकटून, कॉर्नर अंगावर असताना उंच चेंडू ओढून घेणं ही चेसची स्वतःची ताकद. असे पास टाकायचं धाडस क्वार्टरबॅक करतो तेच मुळी समोर चेस आहे म्हणून. मध्यंतरापर्यंत गुण 28-17 झाले होते, शेवटी 42-25. बरो: 49 पैकी 31, 463 यार्ड, पाच टचडाउन पास आणि एक स्वतः पळून. टाइट एंड थॅडियस मॉसने दोन टचडाउन घेतले, त्याचं नाव फारसं निघत नाही. एलएसयूच्या डिफेन्सने क्लेम्सनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सला 37 पैकी 18 वर रोखलं आणि एकही टचडाउन पास दिला नाही, तेही श्रेय वाटताना राहून जातं.

साथीदारांत सगळ्यात कमी बोललं जातं ते रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरबद्दल. 9 नोव्हेंबरला अलाबामाच्या घरी 46-41 असा विजय मिळाला. त्या संघाकडून सलग आठ वेळा हरल्यानंतरचा हा विजय. क्लाइडने पळून 103 यार्ड आणि तीन टचडाउन, शिवाय नऊ झेल आणि आणखी एक टचडाउन काढलं. मध्यंतराच्या काही सेकंद आधी एलएसयूच्या पॅट्रिक क्वीनने चेंडू अडवला आणि लगेच क्लाइडच्या झेलाने गुण 33-13 झाले. नंतर अलाबामा ज्या जोराने परत आलं ते बघता तो टचडाउनच निर्णायक ठरला. पाच जण धावायच्या पद्धतीत रनिंग बॅक खरा रिसिव्हर असावा लागतो, नाहीतर लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) त्याला मोकळा सोडून दुसरीकडे मदतीला जातो. क्लाइडने हंगामात 55 झेल घेतले म्हणून चेस-जेफरसनना एकास एक कव्हरेज मिळत राहिलं. आणि त्या पाच लाइनमननी सर्वोत्तम लाइनसाठीचा जो मूर पुरस्कार उगाच जिंकला नाही.

‘रिसिव्हरांमुळे झालं’ म्हणणाऱ्यांसाठी एक प्रश्न: चेस, जेफरसन आणि मार्शल तिघेही 2018 मध्ये याच संघात होते. चेसचे तेव्हा 23 झेल, 2019 मध्ये 84. तेही एका वर्षाने मोठे झाले हे खरं, पण बदल फक्त त्यांच्यात झाला असं कसं म्हणणार? आणि ‘बरोमुळे झालं’ म्हणणाऱ्यांसाठी उलट प्रश्न: जेफरसनने एनएफएलच्या पहिल्याच वर्षी, बरोशिवाय, 1,400 यार्ड कसे काढले? 2020 मध्ये एलएसयू पाच विजय, पाच पराभवांवर घसरलं याचा दाखला दोन्ही पक्ष देतात, तो सोडून द्या. तेव्हा क्वार्टरबॅक, ब्रेडी, चेस, जेफरसन, डिफेन्सचा प्रशिक्षक सगळेच एकदम गेले होते, त्यातून एकाचं वजन काढता येत नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल, बरोचं किंवा सध्याच्या कुठल्याही क्वार्टरबॅकचं, तर पूर्ण सामना घ्या, हायलाइट्स नकोत. हायलाइट्समध्ये चुकलेले पास कापलेले असतात. फक्त थर्ड डाउन आणि सात किंवा जास्त यार्ड अशा खेळी निवडा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंतचा वेळ मोजा. कागदावर चार रकाने करा: वेळ, किती जण धावून आले, चेंडू घेताना रिसिव्हरला थांबावं किंवा वळावं लागलं का, आणि झेलानंतर किती यार्ड मिळाले. रिसिव्हर न थांबता पळत राहिला तर पास क्वार्टरबॅकचा. त्याला मागे वळून, उडी मारून चेंडू ओढावा लागला तर झेल रिसिव्हरचा. अपवाद एकच, खांद्यामागे मुद्दाम टाकलेला पास. तो ओळखायचा असा की रिसिव्हर आणि चेंडू एकाच वेळी वळतात. कॉर्नर पुढे पळत राहतो. टीव्हीच्या कॅमेऱ्यात खोल धावणारे रिसिव्हर चौकटीबाहेर जातात, म्हणून रिप्ले आल्याशिवाय ‘तो मोकळा होता’ असं लिहू नका.

सामना कुठला घ्यायचा? सगळे टेक्सास किंवा क्लेम्सन सुचवतील. मी 26 ऑक्टोबर 2019 चा ऑबर्नविरुद्धचा सुचवेन, एलएसयू 23-20. ऑबर्नने अनेकदा तीनच जण धाडले आणि आठ जण मागे कव्हरेजमध्ये ठेवले. म्हणजे ब्लिट्झ ओळखण्याचं कौशल्य निरुपयोगी, लांबच्या वाटा बंद, खिडक्या अरुंद. अशा दिवशी अधीर क्वार्टरबॅक तीन इंटरसेप्शन देतो. बरोने 42 पैकी 32 पास पूर्ण केले, 321 यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन, आणि उरलेलं काम क्लाइडने 136 यार्ड पळून केलं. त्या सामन्यात बरो पहिली वाट बंद दिसल्यावर दुसरी, तिसरी करत पाच यार्डांवरच्या माणसाला चेंडू किती वेळा देतो ते मोजा, आणि मग 2018 चा अलाबामाविरुद्धचा 0-29 चा सामना लावून तेच पुन्हा मोजा.