चारशेचे आठ मारले, पण मधे काय केलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या पळणाऱ्या गटाने सगळ्यांची मिळून एक एक्सेल शीट केली. व्यायामाचा प्रकार निवडायला त्यात चार पर्याय ठेवले: इंटरव्हल, रिपिटेशन, टेम्पो आणि फार्टलेक. एकाने पुण्याच्या सणस मैदानावर मारलेले ८ × ४०० (म्हणजे चारशे मीटर, आठ वेळा) 'इंटरव्हल'मध्ये टाकले. दुसऱ्याने 'हे रिपिटेशन आहे' म्हणत ते बदलले, पहिल्याने पुन्हा पहिल्यासारखे केले, आणि आता दोघांपैकी एक जण मंगळवारी सरावाला येईनासा झालाय. बरोबर कोण, आणि शीटमध्ये काय ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर कोण ते तुम्ही दिलेल्या नोंदीवरून सांगताच येत नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. नोंद आहे '८ × ४००, १:४८', म्हणजे दर चारशेला सरासरी एक मिनिट ४८ सेकंद. दोन चारशेंच्या मधे गडी किती वेळ थांबला, उभा राहिला, चालला की हळू पळत राहिला, यातलं काहीच त्यात नाही. म्हणजे ज्यावरून प्रकार ठरतो तेवढंच नेमकं गाळलंय, आणि वाद मात्र प्रकाराच्या नावावरून चाललाय.

गंमत बघा. 'इंटरव्हल' हा शब्द आपल्याला पळण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. थिएटरमध्ये इंटरव्हल होतो, बालगंधर्वला मध्यंतर होतं, आपण बाहेर येऊन बटाटेवडा खातो. नाटक बघून घरी आल्यावर 'आज दोन मध्यंतरं बघितली' असं कुणी म्हणत नाही. पळणारे मात्र नेमकं हेच म्हणतात. 'आज आठ इंटरव्हल मारले.' अहो, मारले ते चारशे. इंटरव्हल म्हणजे मधली फट.

ही माझी शब्दांची कसरत नाही, शब्द मुळात याच अर्थाने आला. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयरोगतज्ज्ञ यांनी ही पद्धत बसवली. खेळाडूला १००-२०० मीटर असं पळवायचं की नाडी १८० च्या आसपास जाईल. मग थांबवायचं, आणि नाडी १२० वर आली की पुन्हा सोडायचं. ती ९० सेकंदांत १२० वर आली नाही, तर काम जास्त झालं असं समजायचं. त्यांचं म्हणणं असं की हृदयाला खरा व्यायाम त्या थांबलेल्या वेळातच होतो. म्हणून पद्धतीचं नावच मधल्या वेळावरून पडलं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळाला आणि तो विश्वविक्रम १९५५ पर्यंत टिकला. हृदयाबद्दलचा त्यांचा सिद्धांत नंतरच्या लोकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही, ते वेगळं. पण मधल्या वेळाला त्यांनी दिलेला मान आपण पार विसरलो.

नोंद कशी असावी याचा माझा आवडता नमुना रॉजर बॅनिस्टरचा आहे. ६ मे १९५४ ला चार मिनिटांच्या आत मैल पळण्याआधीच्या महिन्यांत तो दर आठवड्याला १० × ४४० यार्ड करत होता, मधे दोन मिनिटं. सुरुवातीला ६६ सेकंद, मग हळूहळू ६१. तिथे गाडी अडली. चार दिवस सगळं सोडून तो स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला आणि परत आल्यावर ५९ लागले. सत्तर वर्षांनी पुण्यात बसून आपल्याला यातली प्रगती वाचता येते, कारण दहा, चारशेचाळीस आणि दोन मिनिटं हे तिन्ही आकडे जागचे हलले नाहीत, फक्त वेळ बदलली. याला तो इंटरव्हल म्हणायचा की रिपिटेशन, यानं आपलं काही अडत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या सदस्याची बाजू. ते 'रिपिटेशन' म्हणतात ते बहुधा अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या अर्थाने. त्यांच्या भाषेत इंटरव्हल म्हणजे साधारण तीन ते पाच मिनिटांचे जोरदार तुकडे, आणि मधे तेवढाच किंवा थोडा कमी वेळ हळू जॉग. प्राणवायूची मागणी वर चढवायची आणि चढलेलीच ठेवायची. तुकडे छोटे असले तर मधला वेळ आणखी कापायचा, म्हणजे तोच परिणाम साधतो. रिपिटेशन म्हणजे छोटे, त्याहून वेगवान तुकडे, साधारण मैलाच्या शर्यतीच्या वेगाने, आणि मधे पळण्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ पूर्ण विश्रांती. तिथे दम लावायचा नसतो, पाय सुटे आणि चाल नेटकी करायची असते. हा भेद चांगला आहे, मीही वापरतो. पण २३ मिनिटांत ५ किमी पळणारा माणूस १:४८ ने चारशे मारून मधे तीन मिनिटं उभा राहिला, तर त्याचा वेग इंटरव्हलचा आणि विश्रांती रिपिटेशनची. मग त्याला काय म्हणाल? मी तरी त्याला 'मंगळवार' म्हणतो.

शिवाय 'रेप' (रिपिटेशनचं छोटं रूप) या शब्दाचे आपणच दोन अर्थ करून ठेवलेत. 'आठ रेप झाले' म्हणजे आठ तुकडे, आणि 'आज रेप्स होते' म्हणजे डॅनियल्सवाला प्रकार. व्यायामशाळेतून आलेली मंडळी यात तिसरा गोंधळ घालतात, कारण त्यांच्या डोक्यात सेट आणि रेप पक्के बसलेले असतात. '४ × ४ × ४००' असं लिहिलेलं मी बघितलंय. लिहिणाऱ्याला सोळा चारशे म्हणायचे होते, दर चारानंतर मोठी विश्रांती. वाचणाऱ्याने चारच केले आणि पुढचा चार हा छपाईचा दोष समजला. ४ × (४ × ४००) असा कंस घाला. आतली विश्रांती वेगळी लिहा, सेटच्या मधली वेगळी.

मधली विश्रांती नीट न लिहिण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. जुन्या वहीत माझ्याच अक्षरात होतं: '६ × ८००, २००. सरासरी ३:४५.' दोन वर्षांनी अर्धमॅरेथॉनची तयारी करताना ते पान काढलं आणि २०० म्हणजे २०० सेकंद असं वाचलं. मग काय, प्रत्येक आठशेनंतर तीन मिनिटं वीस सेकंद आरामात चालत होतो आणि ३:४० लावत होतो. स्वारी खूष. शर्यतीत पाचच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं या वेगाने, सुटलो आणि चौदाव्या किलोमीटरला चालायला लागलो. पुढे कधीतरी वही चाळताना त्याच महिन्यातलं दुसरं पान सापडलं, तिथे '२०० मी. जॉग' असं पूर्ण लिहिलेलं होतं. दोनशे मीटर, म्हणजे जेमतेम दीड मिनिट. दोन वर्षांत मी सुधारलो वगैरे काही नव्हतो, फक्त जास्त वेळ थांबत होतो.

घड्याळावर विसंबणारे म्हणतील, घड्याळात सगळं येतंच की. येतं, पण काय येतं ते बघा. ८ × ४०० प्रत्येकी १:४८, मधे सात वेळा २०० मीटर जॉग दीड मिनिटाचा. एकूण ४.६ किमी, २४ मिनिटं ५४ सेकंद, सरासरी पेस साधारण ५:२५. आता तेच चारशे उभं राहून विश्रांती घेत केले आणि घड्याळाचा ऑटो-पॉज (आपण थांबलो की वेळ मोजणं थांबवणारी सोय) चालू असला, तर ३.२ किमी आणि सरासरी ४:३०. दोघांचे चारशे सेकंदाला सेकंद सारखे, तरी शीटमध्ये एक जण कासव दिसतो आणि दुसरा ससा. प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी नोंदवणारं लॅपचं बटण दाबायची सवय लावा आणि दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप ट्रॅकवर बंद ठेवा. सरासरी पेसचा रकाना या दिवसापुरता रिकामा राहिला तरी चालेल.

फार्टलेकवर मी वेळ घालवणार नाही. स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी काढलेला प्रकार, शब्दाचा अर्थ वेगाशी खेळणं. वेताळ टेकडीवर मन मानेल तिथे जोर लावायचा आणि मन मानेल तिथे सोडायचा. मिनिटाला मिनिट मोजून केलं की ते पुन्हा किती × किती असंच लिहा.

टेम्पोच्या बाबतीत मात्र मी अडून बसतो. एरवी 'नाव काहीही ठेवा' म्हणणारा मी, पण हा शब्द एकटा लिहू देत नाही. (आमच्या वडिलांना टेम्पो म्हटलं की आकुर्डीचा बजाज टेम्पोचा कारखानाच आठवायचा, आणि तो अर्थ निदान सगळ्या घराला एकच कळायचा.) लांब पळणाऱ्यांचा टेम्पो म्हणजे वीसेक मिनिटं सलग, तासभर जेमतेम टिकवता येईल अशा वेगाने. स्प्रिंटवाल्यांचा टेम्पो म्हणजे हलक्या दिवशी शंभर-दोनशे मीटरचे सैल तुकडे, पूर्ण वेगाच्या पाऊण हिश्श्याने किंवा त्याहून कमी. आमच्या गटात कॉलेजात शंभर मीटर पळणारा एक मुलगा आला होता. फळ्यावर नुसतं 'टेम्पो' लिहिलेलं. आम्ही वीस मिनिटं जीभ बाहेर काढून पळालो आणि तो गवतावर दहा वेळा शंभर मीटर तरंगून, घाम पुसून, चहाला आमच्या आधी हजर. चुकलं कुणाचंच नव्हतं. तेव्हापासून फळ्यावर 'टेम्पो २० मि. सलग' असं लिहितो.

तर शीटमधून तो प्रकाराचा रकाना काढून टाका, किंवा ज्याला जे हवं ते लिहू द्या आणि तो कुणी बदलायचा नाही एवढं ठरवा. सक्ती करा ती चार गोष्टींची: किती × केवढं, पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याची वेळ, मधला वेळ मिनिट-सेकंदात, आणि तो उभं राहून, चालत की जॉग करत घालवला ते. पहिली आणि शेवटची वेळ यासाठी की १:४८ ची सरासरी १:४० ने सुरू होऊन १:५६ वर मरणाऱ्याचीही येते. चढाचे तुकडे असतील, समजा पौड रोडकडून टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तर खाली यायला लागलेला वेळ हीच विश्रांती, तोही लिहा. काही जण 'उद्देश' असा रकाना सुचवतील. ठेवू नका. महिन्याभरात सगळे तिथे 'व्हीओटूमॅक्स' (शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता) लिहायला लागतात आणि कुणी वाचत नाही.

आणि एक पाचवा रकाना घाला: लेन. सगळ्यात आतल्या लेनमध्ये एक फेरी ४०० मीटर, तिथून बाहेर दर लेनला साधारण पावणेआठ मीटर वाढतात. सहाव्या लेनमध्ये तीच फेरी ४३८ मीटरच्या आसपास जाते. संध्याकाळी गर्दीत आतली लेन वेगवान पोरांना सोडून आपण बाहेरून पळतो, आणि १:४८ ला ४:३०चा पेस समजतो. सहाव्या लेनमध्ये १:४८ म्हणजे ४:०७ च्याही आतला पेस, आणि मग कदाचित तो खरोखरच रिपिटेशनचा वेग असेल. जे सदस्य यायचे बंद झालेत त्यांना फोन करून आधी एवढंच विचारा, त्या दिवशी तुम्ही कुठल्या लेनमध्ये होतात?