दिराला मंडईच्या नाटकाला न्यावे की घरी ठेवावे?

प्रश्न : माझे सासर भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात आहे. धाकटा दीर १९ वर्षांचा असून तो स्वमग्न (ऑटिझम असलेला) असल्याचे डॉक्टरांनी लहानपणीच सांगितले होते. नाटकातली पदे आणि संवाद त्याला तोंडपाठ असतात, म्हणून मागच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या जत्रेला, मी हट्टाने त्याला रात्रीच्या नाटकाला नेले. तो नटाच्या आधीच मोठ्याने संवाद म्हणू लागला आणि लोक हसले. पुढे बंदुकीचा बार झाला, तेव्हा तो कान दाबून किंचाळत मंडपाबाहेर धावला. माझे यजमान नाट्यमंडळाचे सचिव आहेत. त्यांना चारचौघांत फार ओशाळे वाटले. यंदा त्याला घरीच ठेवायचे आणि नेहमीप्रमाणे सासूबाईंनी त्याच्याजवळ थांबायचे, असे ठरले आहे. मला हे पटत नाही. मी सून म्हणून बोलावे का? आणि त्याला शांत बसायला कसे शिकवावे?

उत्तर : तुम्ही जरूर बोलावे, मात्र त्याला शांत बसायला शिकवण्याच्या नादी लागू नये. त्या रात्री जे घडले त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या आणि घरात त्यांची गल्लत झालेली दिसते. संवाद म्हणणे हा त्याचा आनंद होता. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा म्हणणे ही अनेक स्वमग्न व्यक्तींची बोलण्याची, आठवण्याची आणि रमण्याची रीत असते. बार झाल्यावर किंचाळणे हा मात्र त्रास होता. ज्या आवाजाने तुम्ही-आम्ही क्षणभर दचकून पुन्हा नाटकात रमतो, तोच आवाज अशा व्यक्तीला अंगावर आघात झाल्यासारखा लागू शकतो, आणि त्यात रंगीत दिव्यांची उघडझाप, गर्दीचा स्पर्श आणि रात्रीचे जागरण यांची भर पडली, की तिथून पळणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो. त्याला वाईट वळण आहे किंवा घरच्यांचा धाक नाही, असा याचा अर्थ मुळीच होत नाही. म्हणून पहिल्या गोष्टीला जागा द्यायची आणि दुसरीचे कारण कमी करायचे, अशी विभागणी मनाशी पक्की करा.

पहिली गोष्ट झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या नाटकवेड्या भागात, तरी अवघड वाटू नये. मोठ्या शहरांतल्या नाट्यगृहांत प्रेक्षकाने खोकलेलेही खपत नाही, त्यामुळे तिथे अशा प्रेक्षकांसाठी वेगळे प्रयोग योजावे लागले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ मध्ये स्वमग्न प्रेक्षक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी एका मोठ्या संगीत नाटकाचा खास प्रयोग झाला. अशा प्रयोगांत दणदणाटी आवाज उतरवलेले असतात, डोळ्यांवर येणारे दिवे टाळलेले असतात, प्रेक्षक मध्येच उठून बाहेर जाऊ शकतो, बोलू शकतो, आणि थकलेल्यांसाठी शेजारी एक निवांत खोली असते. यातला निम्मा भाग आपल्याकडे न मागता मिळतो. आपला प्रेक्षक दुलई घेऊन येतो, मध्यंतरापूर्वी झोपतो, लेकरू रडले तर बाहेर फिरवून आणतो, पदाला वन्स मोअर देतो. नाटक चालू असताना प्रॉम्प्टर संवाद पुरवत असतो आणि त्याचा आवाज पुढच्या रांगांना ऐकूही जातो. त्याबद्दल कोणी कधी तक्रार केल्याचे मला ठाऊक नाही. मग तुमच्या दिराचा आवाजच तेवढा लोकांना का खटकावा? ज्या झाडीपट्टी रंगभूमीवरील योगदानासाठी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती गावाच्या वर्गणीवर आणि गावाच्या जागरणावर उभी आहे, आणि त्या गावात तुमचा दीरही येतो.

आता त्रासाविषयी. नाटक वडशाच्या, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या नाटक कंपन्यांच्या गावच्या, कंपनीचे असले, तरी मंडप कुठे घालायचा, प्रेक्षक कुठे बसवायचे आणि स्पीकर कुठे ठेवायचे, यात गावच्या मंडळाचा शब्द चालतो, आणि मंडळाचा सचिव तुमच्याच घरात आहे. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले, की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून कडेची, मागची, कनातीच्या वाटेजवळची आणि स्पीकरच्या तोंडासमोर नसलेली अशी थोडी जागा दोरी लावून राखून ठेवता येईल. तिथे तुमच्या दिरासह गावातले आणखीही काही जण बसतील, कारण तान्ह्या मुलांच्या आया आणि म्हातारी माणसे अशी जागा शोधतच असतात. मंडपापासून दूर एखाद्याची पडवी किंवा शाळेचा व्हरांडा मिळाला, तर तिथे मंद दिवा आणि सतरंजी ठेवावी. बंदुकीचे बार, फटाके आणि दिव्यांची उघडझाप कोणत्या प्रवेशांत आहे, हे कंपनीच्या दिग्दर्शकाला आधीच विचारता येते आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. ते प्रवेश जवळ आले, की त्याला आधी सांगावे आणि बाहेर जायचे का ते विचारावे. कारखान्यातले कामगार यंत्राजवळ वापरतात तशी कान झाकणारी साधने बाजारात मिळतात. ती आणलीत, तर मंडईच्या कितीतरी दिवस आधी घरात वापरून बघा, कारण काहींना कानांवरचा तो दाबच सहन होत नाही.

त्याला एकदम रात्रीच्या गर्दीत नेऊ नका. दुपारी मंच बांधताना, पडदे चढवताना त्याला तिथे फिरू द्या. ऑर्गन आणि तबला लावला जात असताना बसू द्या. मंडईत दिवसा उघड्यावर दंडार किंवा खडी गंमत यांसारखे लोकनाट्य होत असेल, तर ते त्याला लांबून पाहता येईल आणि नको वाटले तर शिंगाडे घेऊन घरी परतता येईल. रात्रीसाठी पहिले दोन अंक किंवा आवडीची चार पदे एवढेच ठरवा. पहाटेपर्यंत बसलो तरच नाटक पाहिले, असा हिशेब आपण उगाच करतो. दिवसभरात काय काय होणार, ते त्याला चित्रांतून किंवा फोनवरच्या छायाचित्रांतून क्रमाने दाखवले, तर अनपेक्षिताची भीती बरीच उतरते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. माइकवरून त्याचे नाव घेऊन ना सहानुभूती मागू द्या, ना त्याच्या पाठांतराचे कौतुक करून त्याला मंचावर ओढू द्या. त्याला स्वतःला पद म्हणावेसे वाटले, तर तालमीच्या वेळी चार माणसांत म्हणू द्या आणि पुढचे त्याच्यावर सोपवा.

घरात बोलताना सुरुवात यजमानांपासून करू नका. कोणता आवाज त्याला सोसत नाही, कोणत्या क्षणी तो बिथरतो आणि कशाने निवतो, याचे १९ वर्षांचे ज्ञान सासूबाईंजवळ आहे. ते आजवर कोणी विचारले नसावे. त्यांच्या बरोबरीने यजमानांशी एकांतात बोला आणि 'तुम्ही भावाची लाज धरता' हे वाक्य टाळा, जरी ते खरे असले तरी. मंडळाच्या बैठकीत त्यांनी कडेची जागा आणि बारांची माहिती एवढ्या दोनच गोष्टी मागाव्यात.

कायदा हा घरातल्या वादाचा मुद्दा करू नये, परंतु तो माहीत असावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याच्या २९ व्या कलमानुसार सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी उपाय करणे हे सरकारचे व स्थानिक संस्थांचे काम ठरते. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते; तो पैसा यंदा कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. दिराचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र अजून काढले नसेल, तर त्यासाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागेल.

शेवटी दिराला स्वतःला विचारायचे राहू नये. त्याला मंडपाचे छायाचित्र आणि घराचे छायाचित्र दाखवून निवड करू द्या. तो फारसे बोलत नसला, तरी कशाकडे बोट दाखवतो आणि कशावरून मान फिरवतो, ते घरच्यांना कळते. त्याने नको म्हटले, तर तोही मान्य करण्याजोगा निर्णय आहे आणि मग तुमचा हट्ट तुम्हाला सोडावा लागेल. मात्र त्या रात्री घरी थांबण्याची पाळी पुन्हा सासूबाईंवर येऊ देऊ नका. यजमान मंडपात अडकलेले असतील, तर पहिले दोन अंक तुम्ही थांबा, पुढचे दोन मंडईला माहेरी आलेली नणंद थांबेल, आणि सासूबाईंचे तिकीट दिवाळीपूर्वीच त्यांच्या हातात द्या.