तूस-पाचट प्लास्टिकमध्ये जातं, पण आधी गिऱ्हाईक बघा मग मशीन

भात काढणी उरकली की मावळातून हाच फोन सुरू होतो. "साहेब, तूस दळून प्लास्टिक कंपनीला द्यायचं, डीलर पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, देतोय, माल पण तोच उचलणार म्हणतो, घेऊ का?"

दादा, घेऊ नका. आज तरी नकोच. तूस फिलर म्हणून, म्हणजे प्लास्टिकमध्ये भर घालायची पावडर म्हणून, चालतं हे खरंय, भाताच्या वजनाच्या साधारण २० टक्के तूस निघतं, पीपी आणि एचडीपीई या प्लास्टिकमध्ये मिसळून फळ्या, पॅनेल बनतात. पण तुसात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण घटक, भरपूर, आणि तीच सिलिका मशीनचे हातोडे आणि जाळी खाते. डीलर हे बोलणार नाही, हातोडे पण त्याच्याकडेच मिळतात ना. "माल उचलतो" हे कागदावर आहे का? भाव काय, ओलावा किती चालेल, मेश (दळणाची बारकाई) किती, माल नापास झाला तर परत आणायचं भाडं कोणाचं? हे लिहून देत नसेल तर तो माल उचलणारा नाही, मशीन खपवणारा आहे.

दुसरं, गावातल्या जुन्या हलरवर, म्हणजे भात सडायच्या गिरणीवर, तूस आणि कोंडा एकत्र पडतो. कोंड्यात तेल असतं, तो खवट होतो, फिलरला तो नकोच. तो गुरांना घाला नाहीतर पशुखाद्याला विका, भाव तिथेच बरा मिळतो. आणि वाहतुकीचा हिशोब करा, न दळलेलं तूस एक घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे कामशेतवरून चाकणला टेम्पो गच्च भरून नेला तरी नेली ती हवाच.

पावसाळ्यात दळू नका. परत सांगतो, पावसाळ्यात दळू नका. मागे एका गटाने जुलैत पोती भरून ठेवली, बुरशी धरली, सगळा माल परत आला आणि डीलर फोन उचलेना.

शिरूरच्या एका पोराचा प्रश्न वेगळा. जुनं प्लास्टिक वितळवून त्यात उसाच्या चिपाडाची पावडर घालून कुंड्या करतो, बुडबुडे येतात, करपल्याचा वास येतो, कुंडी तडकते. डीलर म्हणतो पावडर ६० टक्क्यांवर न्या आणि हीटर वाढवा.

अरे बाबा, दोन्ही उलटं! चिपाड २०० अंशाच्या वर करपायला लागतं, त्यात राहिलेली साखर त्याच्याही आधी. बुडबुडे म्हणजे ओलाव्याची वाफ. पावडर १०५ अंशावर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळव, ओलावा १-२ टक्क्यांच्या आत आण आणि लगेच वापर, रात्रभर उघडी ठेवलीस की परत हवेतलं पाणी ओढते. प्लास्टिक तेलकट आणि चिपाड पाणी पिणारं, दोघांचं आपोआप जमत नाही, मध्ये कपलिंग एजंट लागतो. पीपी असेल तर मलेइक अनहायड्राइडवाला, २ ते ५ टक्के. मोठे कारखाने ५०-६० टक्के भरतात, पण त्यांच्याकडे ट्विन स्क्रू, म्हणजे दोन स्क्रूंचं मिसळायचं मशीन, असतं, तुझ्याकडे नाही. तू २० टक्क्यांपासून सुरू कर. आणि पाण्याच्या बाटल्या त्यात घालू नकोस, त्यांचं पेट प्लास्टिक २५० अंशाला वितळतं, तोवर चिपाडाचा कोळसा होतो.

रबराचं पण विचारतात. तुसाच्या राखेतली सिलिका टायरमध्ये जाते, गुडइयरने २०१५ मध्येच ते जाहीर केलं. पण ती कारखान्यात शुद्ध केलेली सिलिका, तुमच्या खळ्यातली राख नव्हे. ढीग पेटवून राख विकायचा सल्ला देणाऱ्याला हाकलून द्या. ७०० अंशाच्या वर सिलिका स्फटिक व्हायला लागते, ती धूळ फुफ्फुसाला घातक, आणि कमी जळली तर नुसता काळा कचरा, कोणी घेत नाही.

आता दौंड-इंदापूरवाले. "पाचट पण फिलरला देऊ का, नाहीतरी जाळतोच." जाळता कशाला मुळात! पाचटाला माती-वाळू लागलेली असते, ती मशीनचा स्क्रू घासते, म्हणून कंपनीवाले नाक मुरडतात. ते शेतातच राहू द्या. हेक्टरी ८ ते १० टन पाचट म्हणजे तुमचं शेणखत आहे, ट्रॉलीत भरून घालवायचं आणि मग खताच्या दुकानात उधारी करायची हा कुठला शहाणपणा? खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा किंवा कुट्टी करा, पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धक, आणि पाणी द्या. ८ किलो म्हणजे ८ किलो. दुकानदार "लवकर कुजेल" म्हणून अख्खं पोतं गळ्यात मारतो, तसं कुजत नाही, युरिया उडून जातो.

स्कीमचं थोडक्यात. पीएमएफएमई ही केंद्राची खाद्यप्रक्रिया उद्योगांची योजना, तिचं ३५ टक्के अनुदान खाद्यप्रक्रियेसाठी, फिलरला नाही, डीलर काहीही सांगू दे. कुट्टी यंत्रासाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणात अर्ज करा, पूर्वसंमती आल्याशिवाय मशीन उचलू नका.

तुसाचा नमुना दाखवायचा असेल तर अर्धा किलो, कोरड्या प्लास्टिक पिशवीत, तोंड घट्ट बांधून आणा. गोणीतला ओला आणू नका, मी बघणार नाही.