रायफलवर काय चढवावं? वाचकांचे प्रश्न, आर्मररची उत्तरं

(पायदळाच्या पलटणींत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे, म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले हवालदार या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, मी बारावीत आहे आणि भरतीची तयारी करतोय. मोबाइलवरच्या गेममध्ये रायफलवर रेड डॉट, ग्रिप, टॉर्च, सायलेन्सर असं सगळं एकदम लावता येतं. आपल्या जवानांना हे का देत नाहीत? (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : देत नाहीत असं नाही रे. आपल्या स्पेशल फोर्सेसच्या टॅव्हॉर रायफलींवर इस्रायली मेप्रो-21 साइट, म्हणजे नेम धरायचं उपकरण, कितीतरी वर्षांपासून आहे. तिला बॅटरीच लागत नाही. दिवसा फायबर ऑप्टिकमधून बाहेरचा उजेड घेते, रात्री आतल्या ट्रिटियम वायूवर चमकते.

पण गेममध्ये बोट टेकवलं की साइट बसते आणि गोळी बरोबर ठिपक्यावर जाते. खरी साइट रेलवर, म्हणजे रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर, चढवायला दोन मिनिटं पुरतात. पिकॅटिनी रेल 1995 मध्ये अमेरिकी सैन्यानं ठरवलेल्या मापाची असते, खाचांमधलं अंतर साधारण 10 मिलिमीटर, म्हणून एका कंपनीची साइट दुसऱ्या कंपनीच्या रायफलवर बसते. बसली म्हणजे नेम लागला असं मात्र नाही. त्यापुढे झिरोइंग, म्हणजे साइटचा नेम आणि गोळी एकाच जागी आणणं, येतं, आणि माझी सगळी नोकरी त्यातच गेली.

जवान पडून पाच राउंड फायर करतो. मग टार्गेटपाशी चालत जायचं आणि भोकं बघायची. पाचही भोकं जवळजवळ, पण एका कोपऱ्यात पडली असतील तर साइट हलवायची. भोकंच पसरली असतील तर साइटला हातसुद्धा लावायचा नाही. त्याचा श्वास बघायचा, ट्रिगरवरचं बोट बघायचं, साइट रायफलला पकडणाऱ्या माउंटचा स्क्रू ढिला आहे का ते बघायचं. 100 मीटरवर गोळी 15 सेंटिमीटर बाजूला जात असेल तर 300 मीटरवर ती जवळजवळ अर्धा मीटर बाजूला जाते, म्हणजे समोरचा माणूस सुटला. झिरो झाला की मी स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या माउंटपर्यंत पांढऱ्या पेंटची बारीक रेघ ओढायचो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, चला परत रेंजवर. आणि हे ज्याचं त्यानं करायचं. एकाच बट नंबरची, म्हणजे तीच रायफल दुसऱ्याच्या खांद्याला लागली की गोळी थोडी वेगळीकडे जाते.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. जवानाला एकच वस्तू द्यायची असेल तर चांगली रेड डॉट साइट द्या, आणि तिच्याबरोबर झिरो करायला भरपूर राउंड द्या. साध्या साइटमध्ये बॅकसाइट, फोरसाइट आणि टार्गेट अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात आणि डोळा त्यातली एकच स्पष्ट बघू शकतो. रेड डॉटमध्ये दोन्ही डोळे उघडे ठेवून टार्गेटकडेच बघायचं, ठिपका त्यावर दिसतो. ग्रिप, टॉर्च नंतर, कारण वजनही बघावं लागतं. 7.62 x 51 मापाचा एक मोठा राउंड साधारण 24 ग्रॅमचा, लहान 5.56 मापाच्या राउंडच्या दुप्पट. 100 राउंडमागे सव्वा किलो वाढलं, तेही चढावर. त्यात रायफलवर काहीही लावताना ती उचलणाऱ्याला आधी विचारलं पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा बर्फातल्या पोस्टवर आहे. कारगिलच्या वेळी इन्सास रायफल थंडीत अडकायची असं वाचलं आणि जिवाला घोर लागला. नव्या रायफली तरी तिथे नीट चालतात ना? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, वाचलंत ते खरं आहे. इन्सासचं डिझाइन आपल्या पुण्यातल्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेचं. 1999 मध्ये ती सैन्याला नवीच होती. कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जायचे, फायर करताना अडकायची, अशा तक्रारी आल्या. पुढे बरेच बदल झाले. आता तिची जागा एके-203 घेते आहे. तिचा सहा लाखांवर रायफलींचा करार 2021 मध्ये झाला, आणि अमेठीजवळ कोरव्याला त्या बनतात. दुसरी नवी रायफल अमेरिकी सिग-716, तिची 72,400 रायफलींची पहिली ऑर्डर 2019 ची.

पण बर्फात कुठलीही रायफल सांभाळावीच लागते. बाहेरून आलेली गारठलेली रायफल उबदार बंकरमध्ये नेली की तिच्यावर दव धरतं, बोल्टच्या (गोळी नळीत ढकलणाऱ्या भागाच्या) आतसुद्धा. तशीच परत बाहेर काढली की त्याचा बर्फ होतो आणि बोल्ट जागेवर चिकटतो. म्हणून रायफल बाहेरच्या थंडीतच, आडोशाला, पहाऱ्याखाली ठेवतात. आत घेतलीच तर पूर्ण कोरडी होईपर्यंत चिंदीनं पुसायची. तेल नावापुरतं, कारण थंडीत ते घट्ट होऊन बोल्टचा वेग मारतं. साइटच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. तुमच्या मुलाला हे सगळं पोस्टवर चढण्याआधीच शिकवलेलं असणार. सुट्टीवर आला की विचारा, तो तुम्हाला हातवारे करून दाखवील.

प्रश्न : सायलेन्सर लावला की आवाज खरंच येत नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येतो. सायलेन्सर नळीतून सुटणाऱ्या गॅसचा धमाका दाबतो, पण गोळी आवाजापेक्षा वेगानं जाते आणि तिचा हवेतला कडाका तसाच राहतो. फायदा वेगळाच आहे. नळीच्या तोंडचा जाळ दिसत नाही, गोळी नेमकी कुठून आली ते समोरच्याला पटकन कळत नाही, जवानाचे कान वाचतात आणि शेजारच्याला दिलेला हुकूम ऐकू जातो. अमेरिकेनं 2022 मध्ये निवडलेल्या 6.8 मिलिमीटरच्या नव्या रायफलीबरोबर सायलेन्सर ठेवला आहे. मात्र तो भयंकर तापतो. दोन-तीन मॅगझिन सलग फायर केल्यावर उघड्या हातानं कधीही धरू नये.