‘आपल्यात असं नसतं’: सईला पत्र

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१९ ऑक्टोबर २००८

प्रिय सई,

कोजागिरीला दूध पिता पिता ते काका म्हणाले, “प्रॉप आठला ‘यस’च करायचं. मुलीनं मुलीशी लग्न करायचं, हे आपल्या मराठी लोकांत बसतच नाही.” घरी येताना तू विचारलंस, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर तू आणि बाबा ‘नो’ का करणार? किचकट प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहून द्यायची, हा आपल्या घरचा नियम. तुझं वाचन सुटू नये म्हणून केलेला. तेव्हा सोस आता.

आधी हे ‘यस-नो’ नीट समजून घे, कारण मोठमोठी माणसंही इथं गोंधळतात. प्रॉप आठ, म्हणजे प्रपोझिशन आठ, हा येत्या निवडणुकीत कॅलिफोर्नियाच्या लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव. ‘यस’ म्हणजे अशा लग्नांवर बंदी हवी, ‘नो’ म्हणजे आहे ते राहू दे. प्रॉप आठमध्ये इंग्रजी चौदा शब्दांचं एकच वाक्य आहे: एक पुरुष आणि एक स्त्री यांचं लग्न तेवढंच कॅलिफोर्नियात ग्राह्य. हेच वाक्य २००० सालीही मतदानाला आलं होतं. तेव्हा साधारण ६१ टक्के लोकांनी होकार दिला आणि तो कायदा झाला. यंदा मे महिन्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला, आणि जूनपासून दोन बायका किंवा दोन पुरुष काउंटी क्लार्ककडे, म्हणजे लग्नाचे कागद देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाऊन रीतसर लग्न करू लागले. आता तेच वाक्य थेट राज्यघटनेत घालायचा घाट आहे, म्हणजे राज्याच्या कोर्टाला पुन्हा हात लावता येऊ नये. त्याला लागतं फक्त साधं बहुमत. निम्म्याहून एक मत जास्त मिळालं, की शेजाऱ्याचा हक्क गेला. याच मतपत्रिकेवर कोंबड्यांना पिंजऱ्यात पंख पसरता यावेत असं प्रपोझिशन दोन आहे आणि ते बहुतेक पास होईल, असं सगळे म्हणतात. माझा कोंबड्यांवर राग नाही, पण यादी वाचताना हसावं की काय करावं कळेना.

आता काकांचं म्हणणं. आपल्या रूढीत असं लग्न नव्हतं, हे खरं आहे. अंतरपाटाच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी, मग मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी. पुराणातल्या गोष्टी काढून मी तुला काही सिद्ध करून दाखवणार नाही, कारण पुराणात शोधलं तर दोन्ही बाजूंना सोयीचं सापडतं. पण ‘आपल्यात असं नसतं’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या बाबतीत कधी कधी म्हटलं गेलं, ते तुला माहीत असायला हवं.

विधवेनं पुन्हा लग्न करणं आपल्यात नव्हतं. त्याला परवानगी देणारा कायदा १८५६ साली आला, तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या अर्जावर जितक्या सह्या होत्या, त्याच्या कितीतरी पट सह्या विरोधकांच्या अर्जावर होत्या. बहुमतावर सोडलं असतं तर तो कायदा झालाच नसता. कायदा होऊनही माणसं बदलायला किती वेळ लागला बघ. १८९३ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्व्यांच्या मुरुडला गावानं बहिष्कार घातला. मुलाला घरात घेतलंत तर तुम्हालाही वाळीत टाकू, असं त्यांच्या घरच्यांना बजावलं गेलं. आज त्याच कर्व्यांच्या नावाचे रस्ते आणि संस्था पुण्यात आहेत, आणि आपण त्यांचं नाव ‘आपले’ म्हणून घेतो. जातीबाहेर लग्न हेही आपल्यात नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अशा लग्नांना कायद्याचा आधार दिला. भटजीशिवाय लग्न आपल्यात नव्हतं, ते जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ पासूनच लावून दाखवलं.

आणि समलिंगी माणसांबद्दल मराठीत कोणी बोललंच नव्हतं, असं काका म्हणत असतील तर तेही चूक. कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढायचे, १९२७ पासून. त्यात वाचक जे प्रश्न विचारायचे, ते घरात मोठ्यानं कोणी विचारू शकलं नसतं. रघुनाथराव त्यांना सरळ, शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली अशाच एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि ज्या प्रश्नोत्तरांवरून खटला भरला होता, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. खटला हरले. पण तुझ्या पणजीच्या तरुणपणी मुंबईच्या कोर्टात एक मराठी संपादक आणि एक मराठी वकील या विषयावर उभे होते. पुढच्या वेळी कोणी ‘आपल्या मराठी लोकांत’ म्हणालं, तर कुठल्या मराठी लोकांत, हे जरूर विचार.

आता घरातलं. आजी चित्पावन आणि आजोबा मराठा, हे तुला माहीत आहे. त्यांचं लग्न कसं झालं ते आजीनं तुला सांगितलं नसणार. पुण्यात, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. त्या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती ऑफिसच्या फळ्यावर तीस दिवस लटकते, आणि त्या काळात कोणालाही हरकत घेता येते. आजीच्या घरच्यांना तीच नोटीस बघून कळलं. तिचे थोरले भाऊ तडक ऑफिसात गेले. रजिस्ट्रारनं विचारलं, हरकत कशाबद्दल आहे? मुलगी किंवा मुलगा वयात नाही का? दोघांपैकी कोणाचं आधीचं लग्न कायम आहे का? नात्यातले आहेत का? वेडेपणा आहे का? ते म्हणाले, “तसं काही नाही, पण आमच्यात असं चालत नाही.” रजिस्ट्रार म्हणाला, त्याला कायद्यात रकाना नाही. तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि लग्न लागलं. आजीच्या माहेरचं त्या दिवशी कोणी नव्हतं. पण लग्नाला ते नव्हते म्हणून लग्न अडलं नाही.

प्रॉप आठ तो रकाना उघडू पाहतंय. माझा विरोध एवढ्या एका गोष्टीला आहे, बाकी सगळं त्यातून येतं. आमच्यात चालत नाही, हे म्हणायचा हक्क आजीच्या भावांना होता. लग्नाला न येण्याचाही होता. रागावून वर्षानुवर्षं न बोलण्याचाही होता आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला. सरकारी फॉर्मवर त्या रागाला जागा मात्र नव्हती.

तू म्हणशील, ते भारतात झालं, इथं काय त्याचं. इथं तर आपल्यासारख्यांवरच गेलंय. या राज्यात गोऱ्यांनी कोणाशी लग्न करायचं नाही, याची कायद्यात यादी होती: काळे, चिनी-जपानी वंशाचे, १९३३ नंतर फिलिपिनोही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून शेतकरी आले, युबा सिटीकडे आणि खाली इम्पीरियल व्हॅलीत. गावाकडून बायका आणता येत नव्हत्या, कारण १९१७ च्या कायद्यानं दार बंद झालं होतं. गोऱ्या बाईशी लग्न करायला गेलं तर क्लार्क कागद देईना. मग त्यांनी मेक्सिकन वंशाच्या बायकांशी लग्नं केली. दोघांच्या रंगाच्या रकान्यात क्लार्क ‘ब्राउन’ लिहायचा आणि काम व्हायचं. नाही तर सगळं त्या क्लार्कच्या मर्जीवर. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. त्यानंतर अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्वही जात असे. लग्नाच्या काउंटरवर आपला रंग बघून कागद द्यायचा की नाही हे ठरत होतं, आणि तेव्हाही पलीकडच्यांकडे ‘आमच्यात असं नसतं’ हेच कारण होतं.

ती यादी १९४८ साली पडली. लॉस एंजेलिसमध्ये आंद्रेया पेरेझ नावाची मेक्सिकन वंशाची मुलगी, कागदोपत्री गोरी, आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हा काळा तरुण, यांना काउंटी क्लार्कनं लायसन्स नाकारलं. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तोही चार विरुद्ध तीन असाच. यंदाच्या निकालात न्यायाधीशांनी त्या खटल्याचा आधार घेतलाय. आणि पुढे १९५८ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं देशभर विचारलं, गोऱ्या आणि काळ्यांची लग्नं तुम्हाला मान्य आहेत का? शंभरातले चार ‘हो’ म्हणाले. चार! त्या वर्षी मतपत्रिकेवर हा प्रश्न टाकला असता तर काय झालं असतं, ते तूच सांग.

काकांचा दुसरा मुद्दा जरा बरा होता: अशा जोडप्यांना ‘डोमेस्टिक पार्टनरशिप’, म्हणजे लग्नाऐवजी जोडीची सरकारी नोंद, आहे की, त्यात जवळपास सगळे हक्क मिळतात, मग लग्नाचा हट्ट कशाला? राज्यापुरतं हे बरंचसं खरं आहे. पण व्हिसावर आलेल्या माणसानं तरी हा मुद्दा काढू नये. मी एच-फोर व्हिसावर आले, का? तर बाबाची बायको म्हणून. लग्नाचा एक दाखला दाखवला आणि वकिलातीनं शिक्का मारला. आपल्या ओळखीतला एक मराठी मुलगा आहे, नाव लिहीत नाही. त्याचा जोडीदार इतकी वर्षं पुण्यातच आहे, कारण कुठल्याच फॉर्मवर तो याचा कोणी लागत नाही. आणि प्रॉप आठ हरलं तरी त्याचा प्रश्न सुटणार नाही, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारचा १९९६ चा कायदा अशी लग्नं मानत नाही. ते दार वेगळं आहे. पण ‘पार्टनर’ आणि ‘नवरा’ यांत काहीच फरक नाही, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा वकिलातीच्या रांगेत उभं राहून ‘पार्टनर आहे’ म्हणून बघावं.

टीव्हीवरच्या ‘यस’वाल्यांच्या त्या जाहिरातींचं म्हणशील, तर शाळेत मुलांना हे शिकवावं लागेल, ही नुसती भीती घालणं आहे. राज्याचे शिक्षणप्रमुख जॅक ओकॉनेल स्वतः सांगताहेत की प्रॉप आठचा शाळेशी संबंध नाही. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाला दोन आया आहेत, हे तुला शाळेनं शिकवलं नाही, त्याच्या वाढदिवसाला केक कापताना कळलं. आणि देवळांवर, चर्चवर सक्ती होईल हेही खोटं; कोर्टानं निकालातच लिहिलंय की कुठल्याही धर्मगुरूला असं लग्न लावायची सक्ती नाही. आपल्या गुरुजींना नको असेल तर ते नको म्हणतील. तसे ते मुहूर्त दुपारी चारचा असला तरी नको म्हणतात.

भारतात आजही दंडविधानाच्या तीनशे सत्त्याहत्तर कलमाखाली समलिंगी संबंध हा गुन्हा आहे, इंग्रजांनी १८६० साली लिहिलेला. म्हणजे काका ज्याला आपली संस्कृती म्हणताहेत त्यातलं निदान हे कलम तरी इंग्रजांकडून आलं. त्यावर सध्या दिल्ली हायकोर्टात सुनावणी चालू आहे. काय निकाल लागेल माहीत नाही, पण मी त्या बातम्या रोज बघते.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला: दोन मुलींचं लग्न असेल तर अंतरपाट कसा, आणि मुलीकडचे कोण? मला वाटतं अंतरपाटाला काही अडचण नाही, दोन माणसं धरायला लागतात आणि दोघं पलीकडे-अलीकडे उभे लागतात. मामा मुलीला घेऊन येतो. इथं दोन मामा येतील, आणि दोघांतला कोण आधी यावरून भांडण झालं नाही तर ते मराठी लग्न कसलं! दोन्हीकडे मुलीकडचे, म्हणजे मानपान मागणारं कोणीच नाही, हा फायदा झाला की. कन्यादान मात्र अवघड. पण ते माझ्या आणि बाबाच्या लग्नातही झालं नव्हतं. आजोबा म्हणाले, मुलगी काही दान द्यायची वस्तू नाही, आणि गुरुजी कुरकुरले पण पुढच्या विधीला लागले. मंगलाष्टकांत ‘वधूवर’ येतं तिथं काय म्हणायचं ते जो म्हणणार त्यानं ठरवावं. आपल्याकडे मामे-मावश्या मंगलाष्टकं स्वतः रचून, चालीत न बसवता म्हणतातच.

काका-काकू दिवाळीला फराळाला येणार आहेत. यातलं काही त्यांना विचारायचं असेल तर विचार, पण काका म्हणूनच बोल आणि आवाज चढवू नकोस. त्यांनी उत्तर दिलं तर नीट ऐकून घे. ते मनानं वाईट नाहीत, आणि त्यांचं मत अजून टपालात पडलेलं नाही.

माझी मतपत्रिका फ्रिजवर आहे, बघायची असेल तर बघ. आठसमोर मी ‘नो’ केलंय, बाबाही तेच करणार. आमचं वाजलंय ते प्रपोझिशन एक-अ वरून. बाबाला ती सॅन फ्रान्सिस्को-लॉस एंजेलिस रेल्वे हवी आहे आणि मला जवळजवळ दहा अब्ज डॉलरचं कर्ज नको आहे. त्यात तुझं मत काय, ते मराठीत लिहून दे.

तुझी,
आई